खपली गहू आणि तांबेऱ्याची शंभर वर्षं

आज गव्हाबद्दल बोलू या. १९२२ साली अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठाने एक पातळशी पुस्तिका छापली. लिहिणारे दोघे, स्टॅकमन आणि लेव्हिन. गव्हाच्या खोडावर पडणारा तांबेरा दिसायला सगळीकडे सारखाच असला तरी त्याच्या आत अनेक जाती आहेत, आणि त्या ओळखायच्या कशा, याची ती किल्ली होती. त्यांनी गव्हाचे १२ प्रकार निवडले. कुठल्याही शेतातून तांबेऱ्याची पूड आणायची, या १२ प्रकारांच्या रोपांवर टाकायची आणि कोण आजारी पडतं, कोण टिकतं ते बघायचं. त्या उत्तरांवरून तांबेऱ्याची जात ठरायची. यादीत मार्क्विस, कोटा, कुबांका, मिंडम अशी नावं आहेत, आणि शेवटी एक नाव आहे : खपली.

हो, तीच आपली खपली. सांगली, सातारा, कोल्हापूर, बेळगावकडे जिची खीर होते, पुरणपोळीला जी मुद्दाम आणली जाते, ती. मळून झाली तरी दाण्याचं टरफल सुटत नाही, म्हणून खपली. इंग्रजीत या कुळाला एमर म्हणतात. स्टॅकमनच्या यादीत ती होती, कारण जवळजवळ कुठलीच जात तिचं वाकडं करू शकत नव्हती. बाकी अकरा प्रकार कधी पडत, कधी टिकत. खपलीच्या पानावर मात्र बहुतेक वेळा नुसते बारीक ठिपके उठत आणि गोष्ट तिथेच संपे.

त्या ठिपक्यात काय घडतं, हे समजायला माणसाला शंभराहून जास्त वर्षं लागली. आजचा भाग त्या शंभर वर्षांचा आहे.

आधी रोगाबद्दल. महाराष्ट्रात तांबेरा किंवा गेरवा म्हणतात, इंदूर-उज्जैनकडे आपली मंडळी गेरुआ म्हणतील, दिल्लीकडे रतुआ. गव्हावर त्याचे तीन प्रकार येतात. खोडावरचा काळा, पानावरचा नारिंगी आणि थंड हवेतला पिवळा, जो पानावर शिलाईच्या टाक्यांसारख्या ओळी धरतो. काळा सर्वांत वाईट, कारण तो खोडच पोखरतो आणि दाणा भरायच्या वेळी येतो. पंधरा दिवसांपूर्वी हिरवंगार असलेलं शेत आडवं होतं. ओंब्या दिसतात, पण हातावर चोळल्या तर दाण्याच्या जागी सुरकुतलेली साल निघते.

रोमन लोकांनी यासाठी रोबिगस नावाचा देवच मानला होता. २५ एप्रिलला त्याच्या नावाने तांबूस कुत्र्याचा बळी देत. आपल्याकडे १८३० च्या आसपास नर्मदेच्या खोऱ्यात लागोपाठ काही वर्षं गव्हावर हा रोग पडला. जबलपूरच्या भागात नेमणुकीवर असलेल्या स्लीमनने, होय, ठगांचा बंदोबस्त करणारा तोच, ते डोळ्यांनी पाहून लिहून ठेवलं आहे. मैलोन्मैल पसरलेलं पीक असं गेलं की कापणीची मजुरीसुद्धा निघेना. लोक कारणं शोधत होते. कुणी साहेबांच्या गोमांस खाण्याला बोल लावी, कुणी समाजातल्या व्यभिचाराला. हसू नका. घरातलं वर्षाचं धान्य पंधरा दिवसांत जातं तेव्हा माणूस कारण शोधणारच, आणि सूक्ष्मदर्शक नसेल तर ते पापातच सापडणार.

सूक्ष्मदर्शक युरोपात होता. १७६७ साली इटलीत फोंताना आणि तार्जोनी-तोझेत्ती या दोघांनी स्वतंत्रपणे दाखवलं की ही तांबूस पूड म्हणजे गव्हावर जगणारा दुसराच एक जीव आहे. पुढे पर्सूनने त्याला पक्सिनिया ग्रामिनिस हे नाव दिलं. १८६५ मध्ये जर्मनीच्या डी बारीने सिद्ध केलं की ही बुरशी आयुष्याचा एक भाग बार्बेरीच्या झुडपावर काढते. बार्बेरी म्हणजे आपल्या हिमालयातल्या दारुहळदीची बहीण. शेतकऱ्यांना हा संशय फार आधीपासून होता. अमेरिकेत कनेटिकटमध्ये १७२६ सालीच बार्बेरी उपटण्याचा कायदा झाला होता. शास्त्रज्ञांनी तो संशय खरा ठरवायला पुढे १३९ वर्षं घेतली. असो.

आता मुख्य प्रश्न. एकाच शेतात, एकाच वाऱ्यात, एक वाण झोपतं आणि शेजारचं उभं राहतं. का?

पहिलं उत्तर साधं होतं. जाड साल. १८९० च्या दशकात ऑस्ट्रेलियात कॉब नावाच्या शास्त्रज्ञाने मांडलं की टिकणाऱ्या गव्हाची पानं कडक असतात, त्यांवर मेणाचा थर असतो, पर्णरंध्रं लहान असतात, त्यामुळे बुरशी आत शिरू शकत नाही. पटण्यासारखं आहे. दार भक्कम असेल तर चोर आत कसा येईल?

केंब्रिजमधल्या मार्शल वॉर्डने हे तपासलं. वॉर्ड हा अनुभवी माणूस. १८८० ते ८२ या काळात तो श्रीलंकेत होता. तिथल्या कॉफीचे मळे तांबेऱ्याने उद्ध्वस्त होताना त्याने पाहिले होते. केंब्रिजला परतल्यावर त्याने ब्रोम नावाच्या गवतावरचा तांबेरा हाती घेतला. टिकणाऱ्या आणि न टिकणाऱ्या गवतांची पर्णरंध्रं मोजली, लव मोजली, सालीची जाडी मोजली. काहीच मेळ बसेना. मग त्याने पानांचे पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली धरले, आणि १९०२ मध्ये त्याला दिसलं की बुरशी टिकणाऱ्या गवतातसुद्धा आत शिरते. दार तिला अडवतच नाही. जे काही घडतं ते आत गेल्यावर घडतं.

तीन वर्षांनी, १९०५ मध्ये, केंब्रिजच्याच बिफेनने दाखवलं की पिवळ्या तांबेऱ्याशी लढण्याची ताकद मेंडेलच्या नियमाने पुढच्या पिढीत उतरते. संकराच्या दुसऱ्या पिढीत रोगट आणि टिकणारी झाडं तीनास एक या हिशेबाने येतात. मेंडेलचं काम पुन्हा उजेडात येऊन तेव्हा पाचच वर्षं झाली होती. याचा अर्थ असा की टिकाऊपणा मातीत, खतात किंवा नशिबात नाही. तो एका जनुकात असू शकतो आणि पैदासकार तो उचलून दुसऱ्या वाणात घालू शकतो.

पण ते जनुक करतं काय? इथे डोरोथिया मॅरिएट हे नाव घ्यायला हवं. ते फारसं घेतलं जात नाही. केंब्रिजमध्येच, १९०७ साली, तिने पिवळ्या तांबेऱ्याला दाद न देणाऱ्या दोन गव्हांच्या पानांत डोकावून पाहिलं. बुरशीचा धागा आत आला होता. त्याने पेशींना स्पर्श केला, आणि त्या पेशी मेल्या होत्या. त्यांच्याभोवतीच्याही काही मेल्या होत्या. आणि त्या मेलेल्या पेशींच्या मधोमध बुरशीचा धागा उपाशी पडून होता.

तांबेऱ्याचं एक वैशिष्ट्य लक्षात घेतलं म्हणजे यातली गंमत कळते. तांबेरा फक्त जिवंत पेशीवर जगतो. पावावर येणारी बुरशी मेलेल्यावर मजेत वाढते, तांबेऱ्याला ते जमत नाही. त्याचा बीजाणू पानावर पडतो, दव मिळालं की त्यातून एक नळी फुटते, आणि ती नळी पानावरून सरपटत पर्णरंध्र शोधते. डोळे नाहीत, वास नाही. ती पानाचे उंचवटे चाचपते. १९८७ मध्ये अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठात याच कुळातल्या घेवड्यावरच्या तांबेऱ्याला सिलिकॉनच्या चकतीवर कोरलेल्या बारीक कडांवर चालवून बघितलं. अर्धा मायक्रॉन उंचीची कड लागली की नळीला वाटतं, आलं पर्णरंध्र, आणि ती तिथेच आत घुसायची तयारी करते. पर्णरंध्रातून आत गेल्यावर धागे पेशींच्या मधल्या जागेत पसरतात. मग एखाद्या पेशीची भिंत भेदून ते आत एक बोंड घालतात. त्याला हॉस्टोरियम म्हणतात. हे बोंड पेशीच्या आत असलं तरी पेशीचा आतला पडदा फाटत नाही. हातमोज्यात बोट जावं तसा तो पडदा बोंडाभोवती बसतो. त्या पडद्यातून बुरशी साखर ओढते आणि उलट दिशेने आपली प्रथिनं पेशीत सोडते, पेशीने गप्प राहावं म्हणून. पेशी जिवंत राहते, फक्त आता ती दुसऱ्यासाठी राबते.

म्हणजे पेशीने वेळेवर प्राण सोडला तर बुरशीचं जेवणच संपतं. पानावर टाचणीच्या टोकाएवढा मेलेला ठिपका राहतो, झाड वाचतं. १९१५ मध्ये स्टॅकमनने या प्रकाराला अतिसंवेदनशीलता हा शब्द वापरला. ऐकायला उलटं वाटतं, कारण सर्वांत हळवं पान तेच सर्वांत चिवट झाड. सगळं सोसून घेणारं, हू की चू न करणारं पान आठवड्याभरात तांबड्या पुळ्यांनी भरून जातं. मराठीत तर जखमेवर धरते तीही खपलीच. खपली गव्हाच्या पानावरच्या ठिपक्याला याहून चपखल शब्द मला तरी सुचत नाही, जरी नाव पडलं ते टरफलामुळे.

आता बुरशीची बाजू. ती काही गप्प बसलेली नव्हती. स्टॅकमनच्या किल्लीने दरवर्षी नव्या जाती सापडू लागल्या. विमानातून हवेतले बीजाणू गोळा करून त्याच्या चमूने पाहिलं की ही पूड हजारो फुटांवरून शेकडो मैल जाते. टिकणारं म्हणून वाण यायचं, काही वर्षं शेतकरी सुखात, मग एखादी नवी जात यायची आणि वाण आडवं. १९५० च्या सुमारास १५-बी नावाच्या जातीने उत्तर अमेरिकेत असंच केलं.

हे का होतं, याचं उत्तर गव्हावर मिळालं नाही, जवसावर मिळालं. नॉर्थ डकोटात हॅरोल्ड फ्लोर हा शास्त्रज्ञ १९४० च्या दशकात जवस आणि जवसावरचा तांबेरा, दोघांचेही संकर करत बसला होता. बाकी सगळे झाडाचे संकर करत होते. बुरशीची वंशावळ मांडण्याची चिकाटी याच्याकडे होती. त्याने सिद्ध केलं की झाडातल्या प्रत्येक प्रतिकारक जनुकासाठी बुरशीत एक जोडीदार जनुक असतं. झाडाचं जनुक म्हणजे पहारेकरी, बुरशीचं जनुक म्हणजे तो ज्यावरून चोर ओळखतो ती खूण. खूण दिसली की पेशी मरते आणि बुरशी हरते. पण बुरशीने ती खूण टाकून दिली, तर पहारेकरी जागा असूनही आंधळा. बुरशीला नवं शस्त्र शोधावं लागत नाही, एक वस्तू हरवली की पुरते. एका जनुकावर उभं केलेलं वाण का पडतं, ते इथे कळतं.

आता आपल्याकडे येऊ. उत्तर भारताच्या मैदानात मे-जूनच्या उन्हात तांबेऱ्याचा बीजाणू जगत नाही. तरी दर हिवाळ्यात रोग येतो. कुठून? आग्र्याच्या करमचंद मेहतांनी हा प्रश्न धरला आणि आयुष्यभर सोडला नाही. १९३० च्या दशकात सिमल्याला त्यांची प्रयोगशाळा होती. डोंगरोडोंगरी हिंडून, हवेतले बीजाणू पकडून त्यांनी दाखवलं की युरोपातली बार्बेरीची कथा इथे लागू नाही. हिमालयात दारुहळद आहे, पण मैदानातला रोग तिच्यामुळे येत नाही. तांबेरा उन्हाळा काढतो तो थंड डोंगरांत, हिमालयात आणि दक्षिणेत निलगिरी-पळणीच्या पट्ट्यात, तिथल्या अवेळी गव्हावर आणि आपोआप उगवलेल्या रोपांवर. मग वारा त्याला खाली आणतो. पुढे १९७० च्या दशकात नागराजन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यात भर घातली. काळ्या तांबेऱ्याची पूड निलगिरीवरून मध्य भारतात पोचते ती बंगालच्या उपसागरातल्या नोव्हेंबरच्या चक्रीवादळांच्या वाऱ्यांवर, आणि पावसाबरोबर खाली उतरते. सह्याद्रीत महाबळेश्वरला गव्हाच्या तांबेऱ्याचं संशोधन केंद्र आहे. सहलीला जाणाऱ्यांपैकी किती जणांना ते माहीत असतं कोण जाणे. थंड, दमट हवा आपल्याला आवडते तशी तांबेऱ्यालाही आवडते, म्हणून ते तिथे आहे.

१९४६-४७ च्या हंगामात मध्य भारतावर काळा तांबेरा कोसळला. सुमारे २० लाख टन गहू गेला असा अंदाज केला जातो. आकडा नुसता वाचून पुढे जाऊ नका. बंगालचा दुष्काळ होऊन तीनच वर्षं झाली होती, शहरांत रेशन चालू होतं, आणि स्वातंत्र्य काही महिन्यांवर होतं. नव्या देशाला पहिल्याच वर्षी धान्यासाठी बाहेर हात पसरावा लागला, त्यात या पुडीचाही वाटा होता.

पैदासकार बसून नव्हते. नाशिक जिल्ह्यातल्या निफाडच्या गहू संशोधन केंद्रात केनियातल्या तांबेऱ्याला टिकणाऱ्या गव्हाशी निफाडच्या वाणाचा संकर झाला. त्यातून आलेल्या वाणांची नावंच गोष्ट सांगतात : केनफाड. केनियातला केन आणि निफाडमधला फाड. दिल्लीत बेंजामिन पिअरी पाल यांच्या हाताखाली एनपी मालिकेतले गहू येत होते. १९५४ चा एनपी ८०९ तिन्ही तांबेऱ्यांना दाद न देणारा म्हणून गाजला.

आणि खपली? तिचा प्रवास ऑस्ट्रेलियात गेला. अडचण अशी की खपलीत गुणसूत्रं २८ आणि पोळीच्या साध्या गव्हात ४२. असा संकर म्हणजे विजोड लग्न, बहुतेक संतती वांझ. सिडनी विद्यापीठात वॉटरहाउसने चिकाटीने स्टाइनवेडेल नावाच्या गव्हाशी खपलीचा संकर केला आणि १९३० च्या दशकात त्यातून खॅपस्टाइन उभा राहिला. पुढे शास्त्रज्ञांनी खॅपस्टाइनमधून तांबेऱ्याविरुद्धची जनुकं वेगळी ओळखली, त्यांना एसआर-१३ आणि एसआर-१४ असे क्रमांक मिळाले. आपल्या नदीकाठच्या शेतांत पिढ्यान्‌पिढ्या बियाणं राखणाऱ्या कुणाचंही नाव त्या कागदांवर नाही. क्रमांक मात्र आहे.

अमेरिकेत मॅकफॅडनने त्याआधीच, १९१६ मध्ये, यारोस्लाव नावाच्या एमरशी, म्हणजे खपलीच्या रशियातल्या चुलत भावंडाशी, मार्क्विस गव्हाचा संकर केला होता. त्यातून निघालेल्या गव्हाला त्याने होप, म्हणजे आशा, हे नाव दिलं. होपमधल्या एका जनुकाची तऱ्हा वेगळी आहे. एसआर-२ म्हणतात त्याला. ते पेशीला तडकाफडकी मारत नाही. कोवळ्या रोपात तर ते कामच करत नाही. झाड मोठं झाल्यावर रोग येतो, पण रेंगाळतो. पुळ्या कमी, लहान, उशिराने. ओंबीवर काळपट छटा येते, त्यावरून जुने पैदासकार ते ओळखत. प्रयोगशाळेच्या परीक्षेत हे जनुक काठावर पास होणारं. पण शेतात ते शतकभर टिकलं. स्टॅकमनचा विद्यार्थी नॉर्मन बोरलॉग याने मेक्सिकोत हेच रक्त आपल्या बुटक्या गव्हांत आणलं. १९६६ मध्ये भारताने मेक्सिकोहून १८,००० टन बियाणं आणलं, त्या हरितक्रांतीची गोष्ट तुम्हाला ठाऊक आहे. तिच्यात हा धीमा पहारेकरीही आला, हे सहसा सांगितलं जात नाही. उंची कमी करणाऱ्या जनुकांचे पोवाडे झाले. तांबेऱ्यापुढे गहू उभाच राहिला नसता तर बुटकेपणाचं काय करायचं होतं?

धीम्या जनुकांतलं आणखी एक, एलआर-३४, २००९ मध्ये पूर्ण उलगडलं. तिथे पहारेकरी सापडलाच नाही. सापडला तो पेशीच्या पडद्यातून पदार्थ इकडून तिकडे नेणारा एक पंप. म्हणजे सगळा प्रतिकार पेशीच्या मरणातूनच येतो असं नाही.

बार्लीचं उदाहरण याहून वेगळं. तिच्यावर भुरी पडते, ती पांढरी पिठासारखी बुरशी. भुरी पर्णरंध्राच्या वाटेला जात नाही, थेट वरच्या पेशीची भिंत फोडते. जिथे टोचतं तिथे आतून पेशी लगेच गिलावा लावते. कॅलोज नावाच्या पदार्थाचा लहानसा उंचवटा तयार होतो. साध्या बार्लीत तो उशिरा आणि कच्चा होतो. १९४२ मध्ये, युद्ध चालू असताना, जर्मनीत हाले इथे फ्राइसलेबेन आणि लाइन यांनी बियाण्यावर क्ष-किरण टाकले आणि त्यातून एक झाड मिळालं, ज्यावर भुरी येतच नव्हती. त्यात एक जनुक मोडलं होतं, एमएलओ. इथिओपियातल्या जुन्या बार्लीतही हेच जनुक निसर्गतः बिघडलेलं आढळलं. म्हणजे इथे नवा पहारेकरी आला नव्हता. भुरीला आत यायला जी कडी सोयीची होती ती नाहीशी झाली, आणि गिलावा वेळेवर बसू लागला. फुकट काहीच नसतं, अशा बार्लीच्या पानांवर आपोआप ठिपके उठतात आणि उत्पन्नाला थोडी चाट बसते. पण हा प्रतिकार युरोपातल्या शेतांत १९७९ पासून उभा आहे. २०१४ मध्ये चीनमधल्या शास्त्रज्ञांनी गव्हातल्या या जनुकाच्या सहाही प्रती जनुक-संपादनाने बंद केल्या, आणि गव्हावरची भुरी थांबली.

मरणाच्या युक्तीचा तोटाही एकदा जगाने पाहिला. दक्षिण अमेरिकेतून व्हिक्टोरिया नावाचं ओट अमेरिकेत आलं. ओटवरच्या तांबेऱ्याला ते दाद देत नसे, म्हणून १९४० च्या दशकात जिथे तिथे त्याच्या रक्ताची वाणं पेरली गेली. १९४६ मध्ये एक नवाच रोग उठला. ही बुरशी तांबेऱ्याच्या उलट, मेलेल्या पेशींवर जगणारी. ती एक विष सोडायची आणि व्हिक्टोरियाच्या पेशी धडाधड मरायच्या. बाकीच्या ओटला त्या विषाचं काहीच नाही. पैदासकारांनी खूप प्रयत्न केले की तांबेऱ्याचा प्रतिकार ठेवायचा आणि या विषाची बाधा काढायची, पण दोन्ही वेगळे होईनात. तांबेऱ्याला पाहून प्राण सोडायला सांगणारा पहारेकरीच नव्या चोराने फितवला होता. काही हंगामांत ती वाणं शेतांतून गेली. माझ्या मते वनस्पतीरोगांच्या सगळ्या इतिहासात याहून बोलका प्रसंग नाही.

आता १९९८. युगांडातल्या एका संशोधन शेतावर गव्हाच्या खोडांवर काळा तांबेरा दिसला, आणि तो अशा गव्हावर दिसला ज्यावर यायलाच नको होता. त्या गव्हांत एसआर-३१ होतं. राय या धान्यातून गव्हात आणलेलं, जगभर पसरलेलं जनुक. पंजाब-हरियाणात लाखो हेक्टरांवर असलेल्या पीबीडब्ल्यू ३४३ मध्येही तेच. दक्षिण आफ्रिकेत प्रिटोरियस यांनी १९९९ मध्ये त्या तांबेऱ्याची परीक्षा केली, म्हणून त्याचं नाव यूजी-९९. म्हातारा बोरलॉग पुन्हा उभा राहिला. काळा तांबेरा संपला असं समजून जगाने पहारा उठवला होता, असं तो सांगत फिरला. २००५ मध्ये त्याच्या पुढाकाराने जागतिक मोहीम सुरू झाली. केनियात न्जोरो इथे, मुद्दाम रोगाच्या तोंडी, भारतासह अनेक देशांचे गहू लावून पारखले जाऊ लागले. यूजी-९९ २००६ मध्ये येमेनमध्ये, २००७ मध्ये इराणमध्ये दिसला. आपल्या बाजूच्या वाऱ्यांचा विचार करता पुसा आणि सिमल्याला झोप उडाली असल्यास नवल नाही.

ही जात आली कुठून, ते २०१९ मध्ये कळलं. तांबेऱ्याच्या प्रत्येक पेशीत दोन केंद्रकं असतात. यूजी-९९ मधलं एक केंद्रक दक्षिण आफ्रिकेत कित्येक दशकं असलेल्या एका जुन्या जातीचं जसंच्या तसं निघालं. दोन वेगळ्या जातींचे धागे एखाद्या पानावर जुळले आणि त्यांनी केंद्रकांची अदलाबदल केली. बार्बेरी नको, लग्न नको.

याच धास्तीतून पेशीच्या आतली शेवटची पानं वाचली गेली. २०१३ मध्ये एसआर-३५ हे जनुक हाती लागलं, आइनकॉर्न म्हणतात त्या आदिम गव्हातलं. २०१७ मध्ये तांबेऱ्यातली त्याची खूण सापडली, आणि तांबेऱ्याच्या एका जातीने ती कशी टाकली तेही. जनुकात एक उडता तुकडा घुसून बसला होता, बस. २०२२ मध्ये चीन आणि जर्मनीतल्या शास्त्रज्ञांनी पहारेकऱ्याचं प्रत्यक्ष रूप पाहिलं. एसआर-३५ चं प्रथिन एरवी पेशीत एकेकटं पडून असतं. बुरशीची खूण त्याला चिकटली की ते उलगडतं आणि पाच प्रथिनं एकत्र येऊन पाच पाकळ्यांचं चक्र होतं. ते चक्र पडद्यात रुततं, मधोमध भोक तयार होतं, आणि त्यातून कॅल्शियम आत लोटतं. तो पेशीला मरणाचा हुकूम. मॅरिएटने ११५ वर्षांपूर्वी मेलेल्या पेशी पाहिल्या होत्या. आता ते छिद्र दिसलं.

यूजी-९९ ला कोण टिकतं याची चाचपणी चालू असताना एसआर-१३ पुन्हा वर आलं. खपलीचं, खॅपस्टाइनमधून ओळखलेलं. ते यूजी-९९ च्या कुळाला अडवतं, आणि हवा तापल्यावर जास्त चांगलं. २०१७ मध्ये कॅलिफोर्नियातल्या प्रयोगशाळेने त्याची अक्षरं पूर्ण वाचली. तेही त्याच पहारेकऱ्यांच्या घराण्यातलं निघालं. पण इथिओपियात अशा जातीही सापडल्या आहेत ज्यांच्यापुढे एसआर-१३ चालत नाही. त्याच देशात दिगालू नावाचा गहू यूजी-९९ ला टिकतो म्हणून घरोघरी पेरला गेला आणि २०१३ मध्ये काळ्या तांबेऱ्याच्या भलत्याच जातीने तो झोपवला.

म्हणून सध्या जोर आहे तो जनुकं एकत्र बांधण्यावर. २०२१ मध्ये एकाच गव्हात पाच जनुकांची जुडी एका जागी बसवून शेतात तपासली गेली. त्यांतली चार पहारेकरी घराण्यातली, आणि पाचवं धीम्या जातीचं. पाची खुणा एकाच वेळी टाकणं बुरशीला फार अवघड जावं, हा हिशेब. निफाड, महाबळेश्वर, सिमला इथले लोक हेच काम साध्या संकराने करतात. त्याला वर्षं लागतात, आणि दर हिवाळ्यात वाऱ्यावरून काय उतरलं आहे ते बघण्यासाठी ते अजूनही गव्हाच्या ठरावीक प्रकारांच्या रोपांवर तांबूस पूड टाकतात, आणि पानावर पुळी उठते की ठिपका, याची वाट बघतात.